काटा शून्यावर येईपर्यंत

चूक माझी होती. पान मी लिहिलं. त्या पानामुळे एका बाईचा उजवा हात भाजला, नोकरी गेली ती आधीकाकांची, आणि चूक त्या बाईचीच होती असं सांगणारं पत्रसुद्धा मीच लिहिलं. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकते. गोष्ट लिहायची असती तर शेवटपर्यंत दाबून ठेवलं असतं. तसं एकदा ठेवलंही होतं, आणि त्याबद्दल बक्षीस घेऊन आले होते. पण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलेय त्याचा एकच हट्ट होता, धोका आधी सांगायचा. सांगितला. आता पुढे वाचायचं तर वाचा.

आधीकाका हे टोपणनाव. कारखान्यात सगळे पाठीमागे त्यांना असंच म्हणायचे, कारण कुठलाही कागद हातात घेतला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “हे आधी का नाही सांगितलं?” सुट्टीचा अर्ज घेऊन जा, तरी तेच. एकदा कँटीनच्या बाई म्हणाल्या, “जपून हं, चहा फार गरम आहे.” तर हे म्हणाले, “घोट घेतल्यावर सांगताय?” आम्ही हसून हसून बेजार. ते मात्र हसले नव्हते.

आमचा कारखाना इस्पितळांना लागणाऱ्या वाफेच्या पेट्या बनवायचा. कपाटाएवढी लोखंडी पेटी. आत चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे अंगरखे भरायचे, दार घट्ट लावायचं आणि दाबाखालच्या वाफेने सगळं निर्जंतुक करून घ्यायचं. प्रत्येक पेटीबरोबर एक माहितीपुस्तिका जायची. ती लिहिणारे दोघेच, काका आणि मी. खोली जिन्याखाली. दोन टेबलं, एक पत्र्याचं कपाट, त्याचं दार लागत नाही म्हणून त्याला टेकवलेली खुर्ची, आणि चाचणीच्या शेडकडे उघडणारी एक खिडकी. यंत्र बनवणारे स्वतःला कामाचे समजायचे, विकणारे त्याहून कामाचे, आणि आम्ही आपले ‘कागदवाले’. चार वर्षं खपून बनवलेल्या यंत्राची पुस्तिका चार दिवसांत मागायची, वर म्हणायचं, “लिहायचंच तर आहे!” हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण खरं सांगू? मी स्वतः तरी काय वेगळी होते! माझ्या तीन गोष्टी छापून आल्या होत्या, आणि तीन गोष्टी छापून आलेल्या माणसाइतका माजोरडा प्राणी शोधून सापडायचा नाही. नाक वर करूनच मी त्या खोलीत शिरले. ‘हे पोटासाठी, खरं लिखाण घरी,’ असं भेटेल त्याला ऐकवायचे. काकांनी ते एकदाच ऐकलं आणि तेव्हापासून मला ‘लेखिकाबाई’ म्हणायला लागले.

माझं पहिलं पान त्यांनी लाल पेन्सिलीने असं काही सोललं की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. ‘दणकट दार’मधलं दणकट उडवलं. “ते दार बघून घेईल.” ‘अर्थात’ उडवला. “अर्थातच असेल तर लिहायचं कशाला?” एका ठिकाणी तीच ती क्रिया येते म्हणून मी शब्द बदलून बदलून वापरले होते. एकदा ‘फिरवा’, एकदा ‘वळवा’, एकदा ‘गोल न्या’. ते म्हणाले, “लेखिकाबाई, वाचणारी बिचारी समजेल की ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“पण कंटाळवाणं होतं ना काका!”

“होऊ दे. गोष्ट वाचणारा खुर्चीत बसलेला असतो. त्याला ताटकळत ठेवलंस तर तो खूश होतो. आपली वाचणारी उभी असते, एक हात यंत्रावर असतो. ती एक ओळ वाचते आणि तेवढं करते. मग दुसरी ओळ वाचते. दुसऱ्या ओळीत काय आहे ते पहिली करताना तिला माहीत नसतं.”

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. लिहिण्याच्या खोलीत येण्याआधी ते दुसऱ्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर होते. कशी गेली, असं मी विचारलं, आणि मनातल्या मनात वही उघडून तयार बसले. ते म्हणाले, “सूचना वाचून यंत्र चालवत होतो. सावध करणारी ओळ पुढच्या पानावर होती. पान उलटलं तेव्हा बोट गेलं होतं.” मी म्हटलं, “काका, ही केवढी गोष्ट आहे!” “यात गोष्ट कसली? पान चुकीच्या जागी तोडलं होतं,” असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

त्यांची एक पद्धत होती. तिला आम्ही हातचाचणी म्हणायचो. पान लिहून झालं की ज्याने ते यंत्र कधी चालवलेलं नाही अशा माणसाला शेडमध्ये न्यायचं, पान हातात द्यायचं आणि थंड पेटीवर वाचत वाचत करायला लावायचं. बहुतेक वेळा कँटीनच्या बाईच असायच्या. त्यांना ते प्रत्येक वेळी न चुकता सांगायचे, “वाचा आणि करा. जिथे अडाल ती आमची चूक.” बाई अडल्या की काकांची पेन्सिल चालायची. चाचणी झाली की पानाच्या तळाशी दोन सह्या, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. त्याशिवाय पान छापायला जायचं नाही.

आता ते पान. नव्या पेटीची पुस्तिका होती, दार उघडण्याचं पान माझ्याकडे होतं. त्याच दिवशी एका स्पर्धेला गोष्ट पाठवायची मुदत संपत होती, संध्याकाळी पाचला. गोष्ट माझ्या पिशवीत होती, तिचा शेवट जमत नव्हता, आणि माझं सगळं चित्त तिथे. दार उघडण्याचं पान मी भराभर लिहिलं. आणि काय सांगू, सुरेख झालं! ‘हिरवा दिवा लागल्यावर चाक डावीकडे फिरवा, दार आपल्याकडे ओढा आणि कपडे बाहेर काढा. मात्र त्याआधी दाबाचा काटा शून्यावर आला आहे, याची खात्री करून घ्या.’ मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. काय डौल होता त्याला! ‘मात्र’पासूनचा भाग पानाच्या मागच्या बाजूला जात होता, तेही मला दिसलं होतं. दिसून मी काही केलं नाही.

काकांनी विचारलं, “हातचाचणी?”

“झाली.”

“बाई कुठे अडल्या?”

“कुठेच नाही.”

त्यांनी सही केली. माझ्या शब्दावर केली. एरवी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचणारा माणूस त्या दिवशी चार पुस्तिकांच्या ढिगाऱ्यात बुडाला होता. पावणेपाचला माझी गोष्ट टपालात पडली. त्या गोष्टीला काही मिळालं नाही, तेही सांगून ठेवते.

तीन महिन्यांनी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात नवी लागलेली बाई पहिल्याच दिवशी पेटीसमोर उभी राहिली. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून तिने पुस्तिका कपड्यांच्या ढकलगाडीवर उघडून ठेवली आणि वाचत वाचत करू लागली. हिरवा दिवा लागला, तो फक्त कपडे निर्जंतुक झाल्याचा. चाक फिरवलं. दार ओढलं. काटा अजून वर होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं वाचली, पण आखडली ती आखडलीच.

मग चौकशी. बैल गेला आणि झोपा केला! साहेबांच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला तिघे साहेब, समोर काका, आणि कोपऱ्यात मी. मी का, तर चौकशीची टिपणं लिहायला. कागदवाली ना!

“तपासणाऱ्याची सही कोणाची?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“माझी.”

“चाचणी झाली होती?”

“नाही.”

एवढंच. माझ्याकडे एकदा बघायचं तरी! पान मी लिहिलं होतं हे साहेबांना माहीत होतं, पण कारखान्याचा नियम तपासणाऱ्याला धरणारा होता. आणि चाचणी झाली असं खोटं मी सांगितलं होतं, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. काकांना तर त्याच संध्याकाळी कँटीनच्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, की आज मला कोणी बोलावलंच नाही. पण तोवर पान छापायला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी परत मागवायचं म्हणून त्यांनी चिठ्ठी पाठवली, ती कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिली. तीही त्यांनी पुढे केली नाही. आणि मी? ‘नाही’ हा त्यांचा शब्द सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. का गप्प बसले असं विचारू नका. भ्याले. त्याला दुसरा शब्द नाही, आणि असता तरी काकांनी तो उडवला असता.

त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर कोणी दारापर्यंत पोचवायलासुद्धा गेलं नाही. आणि साहेबांनी मला बोलावून इस्पितळासाठी पत्र लिहायला सांगितलं. “जरा नीट लिहा, तुम्हाला जमतं.” जमलंच! ‘सूचना पूर्ण न वाचता यंत्र हाताळल्यामुळे सदर अपघात घडला.’ एकही विशेषण नाही, फाफटपसारा नाही, काकांनी शिकवलं तसं. लोक म्हणतात, गोष्टीत खोटं असतं आणि कामाच्या लिखाणात खरं. डोंबल! मला विचारा. मी दोन्हीकडे खोटं लिहिलंय, आणि कामाचं खोटं जास्त टिकतं. त्यावर शिक्का असतो.

पाच वर्षं गेली. मी ती नोकरी सोडली, आणि मग त्या सगळ्याची गोष्ट लिहिली. मोठी लिहिली, बारा पानांची. त्यात एक म्हातारा, त्याची अर्धी करंगळी, एक दुष्ट साहेब, आणि वाफ. चूक साहेबाची. हात भाजल्याचं मी शेवटच्या पानावर सांगितलं. या वेळी पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक व्यासपीठावरून म्हणाले, “काय संयम! तो चटका लेखिकेने शेवटपर्यंत कसा राखून ठेवलाय!” सभागृहात टाळ्या. मी उभी राहून नमस्कार केला. मला लाज नव्हती हेच खरं.

आणि ते छापलेलं घेऊन मी काकांकडे गेले! शाबासकी घ्यायला! दोन खोल्यांचं घर, जिकडे तिकडे त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. गॅसवर चिठ्ठी, गिझरवर चिठ्ठी. “नळावरसुद्धा लावलीय बघ,” काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. “आधी बादली ठेवा, मग नळ सोडा! चाळीस वर्षं मी काय करत होते?” गोष्ट त्यांनी आधीच वाचली होती. “रडले गं मी,” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

काका वाचायला बसले. ओळीखाली बोट, तसंच. मी समोर. बारा पानं व्हायला त्यांना तास लागला असेल. वाचून झाल्यावर त्यांनी पानं जुळवली, टेबलावर आपटली, आणि त्या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“हात भाजला हे बाराव्या पानावर? बारा पानं त्या बाईला दारापाशी उभं करून ठेवलंस?”

“काका, गोष्ट आहे ती. गोष्टीत असं—”

“मला शिकवू नकोस! गोष्टी मीही वाचतो. खुशाल ताटकळत ठेव वाचणाऱ्याला, पण त्याला लिहिणारा खरा हवा. यात चाचणी कोणी बुडवली ते कुठे आहे? साहेबाच्या माथी मारलंस! तो गाढव आहे, पण हे त्याने केलेलं नाही.”

“तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही तेव्हा का नाही बोललात?” मीही ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

“सही माझी होती. मी माझ्यापुरतं बोललो. तुझं मी का बोलायचं?”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काका पाणी प्यायले. मग सांगितलं की ते त्या बाईच्या घरी जाऊन आले होते, तेव्हाच, नोकरी गेल्यावर आठ दिवसांनी. पान आमचं चुकलं, तुमचं नाही, असं सांगायला. तिच्या सासूबाईंनी इस्पितळाने घरी पाठवलेलं शिक्क्याचं पत्र पुढे केलं. त्यात चूक सुनेची होती. “शिक्क्यापुढे माझं कोण ऐकतंय! कोणी लिहिलं होतं ते पत्र कोण जाणे. लिहिणाऱ्याचे हात झडले कसे नाहीत!”

इथे मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

“लिही,” ते म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला. “गोष्ट नको. पुस्तिकेसारखं लिही. काय झालं, कोणी केलं. आणि पहिली प्रत तिला. कारखान्याचं मग बघू.”

त्यांच्यासमोर चार ओळी लिहिल्या. चार ओळींना मला बारा पानांपेक्षा जास्त वेळ लागला. काकांनी एकही शब्द उडवला नाही. पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, “हातचाचणी कर. या वेळी खरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. दार सासूबाईंनी उघडलं. मी त्या पेटीच्या कारखान्यात होते, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आता काय राहिलंय?” तरी आत घेतलं. ती बाई खिडकीपाशी बसली होती. हल्ली एका कपडे धुवायच्या दुकानात ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचते, डाव्या हाताने. पुढ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. मी कागद दिला.

“वाचा. जिथे अडाल ती माझी चूक.”

तिने कागद मांडीवर ठेवला, आखडलेल्या हाताने दाबून धरला आणि डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवलं.

‘दार उघडण्याचं पान मी लिहिलं. काटा शून्यावर येईपर्यंत दार उघडू नये, ही सूचना मी आधी द्यायला हवी होती, ती नंतर आणि पानाच्या मागच्या बाजूला दिली. पानाची चाचणी न करता ती झाली असं मी खोटं सांगितलं. तुम्ही सूचना लिहिल्या होत्या तशाच पाळल्या, तुमची काहीही चूक नव्हती.’

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, “इथे अडलं.”

“कुठे?”

“आई, ते पत्र आणा बरं.”

सासूबाईंनी कपाटातल्या डब्यातून घडी घातलेला कागद आणला. घड्या झिजल्या होत्या. ‘पूर्ण न वाचता’ या शब्दांखाली कोणीतरी निळ्या शाईने रेघ मारली होती. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“हे म्हणतंय मी वाचलं नाही. तुम्ही म्हणता वाचलं. मग हे कोणी लिहिलं?”

‘कारखान्याने’ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. आणि तो खोटाही नव्हता.

“मी लिहिलं,” मी म्हटलं.

“हेपण तुम्हीच?”

“हो.”

“मग ते या कागदावर का नाही?”

“लिहायचं राहिलं.”

“राहिलं!” ती उठून उभी राहिली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली सांडला. “पाच वर्षं हे पत्र या घरात आहे! चार माणसांत वाचलं आईंनी. नवरा म्हणतो, नीट वाचलं असतंस तर. दुकानात म्हणतात, हिला नंबर दोनदा विचारा. माझी पोरगी, नऊ वर्षांची, शाळेचा कागद आला की आजीकडे नेते. ‘आई, तू नीट वाचत नाहीस’ म्हणते मला! मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं हो! बोट ठेवून वाचलं होतं!”

सासूबाई खाली वाकून चिठ्ठ्या गोळा करायला लागल्या.

तिने टेबलावरचं पेन माझ्यापुढे धरलं. “लिहा. खाली नाही, सगळ्यात वर.”

वर जागा नव्हती. समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘तुमची चूक होती असं सांगणारं पत्र मीच लिहिलं. ते खोटं आहे.’ तिने ते बोट ठेवून वाचलं. या वेळी अडली नाही. मी पिशवी उचलली.

“कुठे निघालात?” ती म्हणाली. “बसा. पोरगी एक वाजता शाळेतून येते. तिच्यासमोर तुम्ही वाचायचं. मोठ्याने, आणि हे वरचं आधी.”

घड्याळात साडेदहा झाले होते. मी बसले.